शिमल्याचा बर्फ कुणाच्या मालकीचा

इंग्रजांच्या राज्यात नागपुरात आपले मंत्री बसले, त्या सालची ही गोष्ट. त्या हिवाळ्यात सारा वऱ्हाड मंत्र्यांबद्दल बोलत होता आणि आमच्या घरात मात्र बर्फाशिवाय दुसरा विषय नव्हता. कारण मी, चौथी इयत्ता शिकलेली विमलबाई, जिनं नांदुऱ्याच्या पुढचं भुसावळसुद्धा पाहिलेलं नव्हतं, ती शिमल्याला जाणार होते. तेही पुसाच्या महिन्यात, जेव्हा साहेब लोकसुद्धा तिथून पळ काढून दिल्लीला येतात.

माझी पुष्पा तिथं होती. जावई दौलतराव तार ऑफिसात नोकरीला. साहेब थंडीत खाली उतरतात, पण तारांना काही थंडी वाजत नाही, त्यामुळे दौलतरावांना बारा महिने वरच राहावं लागे. पुष्पाला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपली रीत, आणि गेल्या साली ती त्या रीतीनं आली होतीही. तीन दिवस-तीन रात्री आगगाडीचे धक्के खात आली. तिचे बाबा तिला घ्यायला भुसावळपर्यंत गेले होते. घरी आल्यावर चौथ्या दिवशी सगळं संपलं. त्याबद्दल मला याहून जास्त लिहवत नाही.

या वेळी तिथल्या डॉक्टरीणबाईनं तिला सांगून टाकलं, की गाडीत पाय ठेवायचा नाही. पुष्पानं पत्रात लिहिलं, ‘आई, मला या खेपेला येता येणार नाही. इथं सगळं नीट आहे. तू काळजी करू नकोस.’ लेकीनं काळजी करू नकोस असं लिहिलं, की आईनं काय समजायचं असतं ते मला कुणी शिकवायला नको. त्याच संध्याकाळी मी यांच्या ताटात भाकर वाढता वाढता सांगून टाकलं, “पोरगी माहेरी येऊ शकत नसन, तं माहेर तिच्याकडे जाईन.”

हे हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी घास खाली ठेवला.

“अन् तठी खाशीन काय?” त्यांनी विचारलं.

खरी अडचण तीच होती. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापानं जेवायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. ही रीत आमच्याकडे सगळेच पाळतात, पण आमचे हे ती जरा जास्तच पाळत. दौलतराव अकोल्याला होते, तेव्हा हे आखाजीच्या सणाला आंब्यांची पाटी घेऊन गेले. पाटी उंबऱ्यावर ठेवली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भर उन्हात स्टेशनपर्यंत चालत जाऊन तिथल्या नळावर पाणी प्यायले. ही गोष्ट त्यांनी गावाच्या पारावर इतक्या वेळा सांगितली होती, की शेवटी मीच म्हटलं, “तहान लागली तं लागली, तिचं कीर्तन काऊन करता?”

पण गेल्या सालापासून माझी ती थट्टा बंद झाली होती. त्या चार दिवसांत मी काय शिजवलं, कुठल्या वारी केस धुतले, कुणाला काय बोलले, हे सगळं मी मनात हजारदा उलटसुलट करून पाहिलं होतं. मला भीती बसली होती. एखादा नियम मोडायचा आणि पुन्हा तसंच काही व्हायचं, एवढी माझी छाती नव्हती. मी जाणार होते, पण रीत मोडून नाही.

मग तयारी सुरू झाली. चाळीस दिवसांचं ज्वारीचं पीठ, तूर, मूग, मिरची, हळद, मीठ, तेलाची बरणी, गुळाची भेली, लेकीसाठी डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, वर माझ्या हातचे बिबड्याचे पापड. यांनी गाठोडी मोजायला सुरुवात केली आणि नवावर येऊन सोडून दिली. मला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. तेव्हा यांनी आपलं ठरवून टाकलं, “मी तुले दारात सोडीन अन् आल्या पावली वापस येईन. कापूस वेचाचा हाये.”

“चार दिवस गाडीत बसून जासान, अन् दारातूनच फिरसान?”

“हाव.”

“पोरीचं तोंड तं पाहासान?”

“दारातून दिसते.”

असा हा माणूस. मी सगळं जसंच्या तसं पुष्पाला लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं, त्यात लोकरीचे मोजे आणा, स्वेटर आणा, असल्या दहा सूचना होत्या आणि तळाशी एक ओळ होती. ‘बाबांना एक रात्र तरी राहायला सांग. निदान आत तरी येऊ दे.’ ती ओळ मी मुद्दाम मोठ्यानं वाचली. हे उठले आणि बैलांना कडबा टाकायला गेले. बैलांना कडबा टाकून अर्धा तासही झाला नव्हता.

आमच्या गावात बर्फाचा जाणकार एकच होता, तो म्हणजे रज्जाक पिंजारी. त्यानं बर्फ पाहिला नव्हता, पण दर साली हिंग विकायला येणारा पठाण त्याच्याकडे मुक्कामाला असे आणि त्यानं त्याला सगळं सांगितलं होतं. मी रजई भरून घ्यायला गेले, तेव्हा रज्जाक पिंजण्याची तात छेडत म्हणाला, “भाभी, काई भेव नोको. माह्या या खोलीत कसा कापूस उडून राह्यला? बस, तसंच. वर कोनी बसून पिंजून राह्यला असं समजा. फक्त थंडा हाये.”

त्यानं मला एक रजई भरून दिली आणि त्याच्या बायकोनं, नूरबीनं, कापूस भरलेली एक बंडी शिवली. थंडी किती असते ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी कापसात हात आखडता घेतला नाही. बंडी घातल्यावर माझे हात खालीच येईनात. कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दोन्ही हात फाकवून मी अंगणभर फिरले आणि माजघराच्या दारात अडकले. यांना हसून हसून ठसका लागला. वर्षभरात त्यांना मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन बंड्या घालायला तयार होते.

अन्नाचं जमलं. राहिलं पाणी. एका सकाळी आमच्या ओट्यावर त्याचा खल झाला. मी म्हटलं, चार घागरी घरून नेऊ. हे म्हणाले, बऱ्हाणपूर येईपर्यंत तीन सांडतील आणि चौथी डब्यातले लोक पितील. कुणीतरी म्हणालं, घर सरकारी आहे ना, मग पाणी सरकारचं, जावयाचं कसं? मला ते एकदम पटलं. पण यांनी आधीच चौकशी करून ठेवली होती. दौलतरावांच्या पगारातून भाडं कापलं जात होतं.

“भाडं कटते तं पानी त्यायचंच झालं,” हे म्हणाले.

तेवढ्यात रजईचे टाके दाखवायला आलेला रज्जाक पायरीवर टेकला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “निवृत्तीभाऊ, आंगनात पडला तो बर्फ कोनाचा?”

मग तोच बोटं मोजत पुढं म्हणाला,

“जावयानं पाडला का? नाही. सरकारनं पाडला का? नाही. वरून आला. जो उचलन त्याचा. भाभीनं बाहीरचा बर्फ आनावा, वितळवावा अन् प्यावा. रीतही राह्यली अन् तहानही भागली.”

मला इतका आनंद झाला, की मी रज्जाकला तिथल्या तिथं चार लाडू दिले. पण आमचे हे म्हणजे हे. त्यांनी मला दौलतरावांना कार्ड लिहायला लावलं. बर्फ अंगणात पडतो की दूर जाऊन आणावा लागतो, आणि छपरावर पडलेला कोणाचा समजतात? जावई मोठा सोशिक माणूस. त्यांनी सविस्तर उत्तर पाठवलं. बर्फ अंगणात, रस्त्यावर, छपरावर सगळीकडे पडतो, मामंजींनी हवा तेवढा घ्यावा, कुणी विचारत नाही. मात्र एक कळवायचं म्हणजे नळ गोठले की आम्हीसुद्धा तोच बर्फ चुलीवर वितळवून पितो.

झालं! हे कार्ड हातात घेऊन म्हणाले, “मंग त्यायचं पानी अन् तुया बर्फ एकच झाला की.”

पुन्हा रज्जाककडे निरोप गेला. त्यानं थोडा वेळ दाढी खाजवली आणि निकाल दिला. “त्यायच्या चुलीवर वितळला तं त्यायचा. तुमच्या शेगडीवर, तुमच्या कोळशानं वितळला तं तुमचा.”

म्हणून गाठोड्यांत एक शेगडी आणि एक पोतं कोळसा वाढला. गावात ही बातमी फिरली, तशी रोज कुणी ना कुणी काही आणून देऊ लागलं. एकीनं पाच गोवऱ्या दिल्या, शिमल्याच्या गाईंच्या गोवऱ्यांचा काय भरवसा म्हणून. एका म्हातारीनं बर्फ झाडायला शिंदीची केरसुणी दिली. मी कशालाच नाही म्हटलं नाही. मला फार बरं वाटत होतं. गेल्या साली याच बाया माझ्याकडे येऊन नुसत्या बसून राहत, कुणाला काय बोलावं ते सुचत नसे. आता त्यांचं बोलणं संपत नव्हतं.

निघायला दोन दिवस राहिले आणि डोणगावहून आमच्या नणंदबाई आल्या. सुभद्राबाई यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. आम्ही गेल्यावर घर आणि कापसाची वेचणी त्या पाहणार होत्या. मी मात्र धास्तावले. यांची रीतभात सगळी त्यांच्या आईकडून आलेली, आणि सुभद्राबाई त्या आईची थोरली लेक. बर्फाची ही युक्ती त्या मोडीत काढणार, असंच मी धरून चालले.

त्यांनी गाठोडी पाहिली. शेगडी पाहिली. कोळशाचं पोतं पायानं चाचपलं. “हे काय व?” म्हणाल्या. मी भीत भीत सगळं सांगितलं. शेगडीच्या निकालापर्यंत आले, तशा त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसून त्यांनी एकच विचारलं, “पोरीच्या कळा सुरू झाल्या, तिचं डोकं तुया मांडीवर, अन् तुले तहान लागली. तवा शेगडी फुकत बसशीन का?”

मी कोळशाच्या पोत्याकडे पाहिलं.

“पे ना बापा तिच्या घरचं पानी,” त्या म्हणाल्या. “काय होते?”

हे दारात उभे होते. त्यांचा चेहरा एकदम बदलला. “काय होते? मले इचार, अक्का, काय होते ते. मांगच्या साली भुसावळहून आणून राह्यलो होतो तिले. उन्हाची तलखी. पोरगी म्हने, बाबा, तुमचा घसा सुकला, घोटभर प्या. तिच्या फिरकीच्या तांब्यातून पेलो मी. तांब्या तिच्या घरचा, म्हंजे पानीही त्यायचंच. चौथ्या दिवशी काय झालं, ते तुले माहीत हाये.”

वर्षभर मी माझ्या चुका शोधत होते आणि हा माणूस त्याच घरात, त्याच पंगतीला बसून, आपली चूक उराशी धरून बसला होता. आम्ही दोघांनी एकमेकांना एक शब्द सांगितला नव्हता.

“मायनं पाळलं होतं,” हे पुढं म्हणाले. “तुयाकडे डोणगावले आठ दिवस राह्यली. गावाच्या शिवेतलं पानी नाही पेली. मी सात सालचा होतो, पन मले आठवते.”

सुभद्राबाईंनी कोळशाचं पोतं बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “तुले अर्धंच आठवते. माहे पाय सुजले होते, गाडीत बसवेना, म्हनून माय माह्याकडे आली. आठ दिवस पाळलं तिनं. रोज दोन डाव शिवेपल्याडच्या इहिरीवर जाऊन पानी पिऊन ये. नवव्या दिवशी दुपारी माह्या कळा सुरू झाल्या. मी हाक मारली, माय व. सासू म्हने, तुयी माय पानी प्याले गेली. मी लय हाका मारल्या. ती येईलोक सारं होऊन गेलं होतं. पोरगं एक डाव रडलं, मंग नाही रडलं.”

हे खाली बसले.

“तिनं थेंब नाही पेला, निवृत्ती,” सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “तरी गेलंच नं माहं पोरगं? मंग कोनी मोडलं होतं, सांग मले. धक्क्यानं गेला तुया नातू. तांब्यानं नाही. अन् माहं कशानं गेलं, ते देवाले ठाऊक. मले फक्त येवढं माहीत हाये, का मी हाक मारली अन् माय नव्हती.”

हे उठून बाहेर गेले आणि जेवायच्या वेळेलाच घरात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं शेगडी पोत्यात गुंडाळली, कोळशाच्या पोत्याचं तोंड शिवलं. म्हणजे ठरलं ते ठरलं, असं मी समजले. विचारायचा धीर झाला नाही.

प्रवासाचं काय सांगू! भुसावळ, मग दिल्ली, मग काल्का. चौदा गाठोडी आणि मी, असे पंधरा नग यांनी तीन गाड्यांत चढवले आणि उतरवले. दर स्टेशनावर हे आमचा तांब्या भरून आणत. काल्क्याहून खेळण्याएवढी गाडी निघाली, बोगद्यात शिरली, बाहेर पडली, पुन्हा शिरली, आणि एका बोगद्यातून बाहेर आलो तर सगळं पांढरं! झाडं पांढरी, दगड पांढरे, घरांची छपरं पांढरी. मी ओरडलेच. डब्यातल्या एका सरदारजीनं चमकून पाहिलं. हे खिडकीला नाक लावून बसले होते. “रज्जाक खरं बोलला,” म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले.

शिमल्याच्या स्टेशनावर हमालांनी कोळशाचं पोतं पाहिलं आणि आपसांत काय ते बोलून घेतलं. आम्ही त्यांच्या मागून चढ चढू लागलो. मी बंडीमुळे हात फाकवून चालत होते आणि घसरत होते, हे मला धरत होते आणि स्वतः घसरत होते. रस्त्यातली माणसं थांबून पाहत होती. आम्हाला दोघांना हसू आवरत नव्हतं.

मग घर आलं. दौलतराव हात जोडून बाहेर आले. त्यांच्या मागे उंबऱ्याच्या आत पुष्पा उभी होती, अंगावर शाल, पोट पुढं आलेलं, गाल थंडीनं लाल. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण ती ‘या’ म्हणाली नाही आणि पाणी आणायलाही वळली नाही. तिला आपल्या बापाची रीत माहीत होती. ती नुसती पाहत राहिली.

यांनी खांद्यावरचं गाठोडं बर्फात ठेवलं. आता हे मागे फिरणार, म्हणून मी मन घट्ट केलं. हे पुढं झाले, उंबरा ओलांडून आत गेले आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

“पुष्पे,” हे म्हणाले, “तहान लागली व. पानी आन.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती तरी हलेना.

“आन ना, माय,” हे म्हणाले.

ती आत गेली आणि फुलपात्र भरून घेऊन आली. यांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले. यांना त्यात काय दिसत होतं, ते त्या घरात मला एकटीला ठाऊक होतं. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. मग यांनी डोळे मिटले आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं. थंडीनं दात असे ठणकले, की हे गाल धरून ओरडले, “अरे बाप्पा! पानी हाये का सुरी!”

पुष्पा हसली आणि हसता हसता रडायला लागली. दौलतरावांनी तेवढ्यात चहाचं आधण ठेवलं. हे फुलपात्र पुढं करून म्हणाले, “आता तुया मायले दे. अन् मले अजून एक आन, पन कोमट.”

हे एक रात्र राहिले, मग दुसरी, मग कापसाचं नावच काढेनात. संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी आम्हाला नात झाली. अशी ओरडली, की शेजारची पंजाबी बाई धावत आली. घरी सुभद्राबाईंना कार्ड यांनीच लिहिलं. दौलतराव तार करतो म्हणत होते, पण यांना स्वतःच्या हातानं लिहायचं होतं. कार्ड माझ्याकडे वाचायला दिलं, तेव्हा त्यात तीनच ओळी होत्या. ‘अक्का, पोरगी झाली. मायलेकी खुशाल आहेत. पुष्पानं हाक मारली तेव्हा तिची माय उशाशी होती.’ मी ते वाचून परत दिलं आणि हे बर्फातून चालत टपालाच्या पेटीत टाकून आले.